तेवीस दिवस

"बाही वर कर," मी म्हणाले.

"अक्का, नुसतं गळू आहे. गोळ्या लिहून घे कुणाकडून तरी, जातो मी."

"भूपाल, बाही वर कर."

एप्रिल महिना, दुपारचे दोन वाजलेले. दवाखान्यातली गर्दी ओसरली होती. प्रयोगशाळेतला पंखा नुसता आवाज करत फिरत होता. आणि माझा धाकटा भाऊ पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. ओठ कोरडे पडलेले, कपाळावर घाम. खोलीत शिरल्या शिरल्याच त्याच्या अंगाचा वास माझ्यापर्यंत आला होता. तेव्हा मी बारा वर्षं रक्त, लघवी, थुंकी तपासत होते. तो वास पुवाचा आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं बटणं सोडली. कापड कातडीला चिकटलं होतं, ते मी मिठाचं पाणी लावून सोडवलं. कोपराच्या आतल्या बाजूला पेरूएवढी सूज, वरची कातडी ताणून जांभळी झालेली. तिच्या वर आणि खाली शिरेच्या कडेकडेनं काळे ठिपके. शीर बोटाखाली सुतळीसारखी कडक लागत होती.

हे कशानं झालं, असं मी त्याला विचारलं नाही. एवढंच विचारलं, "सुई कुणाची होती?"

त्यानं दुसऱ्या बाहीचं बटण चाचपलं.

"एकट्याची का सगळ्यांची?"

"तिघांत एकच आहे. काचेची. गरम पाण्यानं धुतो की प्रत्येक वेळी."

भूपाल औषधांच्या होलसेल दुकानात कामाला होता. शाळेपासून हुशार, हिशेबी, कुणाशी वर आवाज करून बोलणार नाही असा. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मी एकवीस. मी नोकरी धरली, लग्नाचं मनातून काढून टाकलं आणि त्याला वाढवलं. बाविसाव्या वर्षी त्याला मूतखडा झाला. दुखण्यानं लोळायचा. डॉक्टर वेदना थांबवायचं इंजेक्शन द्यायचे, की दहा मिनिटांत शांत. खडा पडून गेला. इंजेक्शन राहिलं.

"अरे, तुमच्या दुकानात सिरिंजांची खोकी पडलेली असतात," मी म्हणाले. "एक रुपयाच्या वस्तूसाठी?"

"इंजेक्शनची काचेची अँप्यूल फुटली म्हणून दाखवता येते, अक्का. प्लॅस्टिकची सिरिंज फुटत नाही. पाकीट कमी पडलं की शेटना कळतं."

एवढ्या साध्या कारणानं. ते वाक्य मी आजही विसरलेली नाही.

सर्जननी त्याच दिवशी गळू फोडलं. मी बाहेर उभी होते. आतून त्याचा एकदाच आवाज आला, "अक्का गं." मग काही नाही. आमच्या डॉक्टर सबनीस मॅडम बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विजयमाला, याचं सगळं रक्त तपासायला हवं. तो हो म्हणालाय. पण तुम्ही करू नका. बाहेर पाठवते मी."

"नको मॅडम. मीच करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणी केली. कार्डावर आधी एक रेघ उमटते, ती सगळ्यांच्याच उमटते. मग दुसरी रेघ येते का ते बघत बसायचं. भूपालची दुसरी रेघ पाच मिनिटांतच आली. मी दुसरं किट काढलं. मग तिसरं. एचआयव्ही होता. काविळीचा सी विषाणूही होता. ती दहा एप्रिल होती.

निकाल सांगायचं काम समुपदेशक बाईंचं. मी त्यांना म्हटलं, मी सांगते. ड्रेसिंगच्या खोलीत तो एकटाच बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मी सांगितलं. त्यानं मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पद्मजा..."

पद्मजा त्याची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून आम्ही तिला माहेरी पाठवलं होतं, सीमेपलीकडं कर्नाटकात, बेडगवाडीला. आता तिला आठवा लागला होता.

"तिची तपासणी झाली पाहिजे," मी म्हणाले. "आणि लगेच. आता औषध निघालंय, भूपाल. कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी द्यायची. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याला थेंब पाजायचे. पुष्कळ बाळं वाचतात."

"मी आणतो की तिला."

"कधी?"

"जखम भरू दे. असा हात घेऊन सासरवाडीला जाऊ? काय सांगू त्यांना?" त्यानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "तू नको सांगूस, अक्का. मी सांगतो. तिनं माझ्या तोंडून ऐकू दे. अजून दीड महिना आहे. मला आठ दिवस दे फक्त."

मी हो म्हणाले.

आठ दिवसांनी त्याची जखम बरी दिसत होती, पण अंगात ताप होता. मी विचारलं, कधी जातोस? म्हणाला, ताप उतरू दे. पंधराव्या दिवशी ताप एकशे तीनवर गेला आणि त्याला जिना चढवेना. मिरजेला नेऊन हृदयाची सोनोग्राफी केली. सुईतून आत गेलेला जंतू रक्तातून वाहत जाऊन हृदयाच्या झडपेवर बसला होता आणि तिथं त्यानं घर केलं होतं. डॉक्टरांनी दाखवलं. पडद्यावर झडप उघडायची, मिटायची, आणि तिच्या टोकाला काहीतरी चिंधीसारखं लोंबत हलायचं.

त्याला तिथंच दाखल केलं. बेडगवाडीला टायफॉइड म्हणून कळवलं. मी रोज नोकरीवरून मिरजेला जायची, त्याला भरवायची, परत यायची. रोज मनाशी म्हणायची, उद्या. पद्मजाचे दिवस अजून भरलेले नाहीत. उद्या सांगू.

तीन मेला सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेतला फोन वाजला. पद्मजाचा भाऊ सन्मती बोलत होता. आवाजात नुसता आनंद.

"आत्याबाई झालात! मुलगी झाली. काल दुपारी चारला."

"काल?" मी म्हणाले. "अजून तीन आठवडे..."

"आधीच झाली. दवाखान्यात न्यायला जमलंच नाही, नर्सबाईंना घरी बोलावलं. दोघी खुशाल आहेत. भूपालरावांना सांगा, सोनपावलांनी लक्ष्मी आली म्हणून."

मी फोन ठेवला आणि घड्याळाकडं बघितलं. अठरा तास झाले होते. बाहत्तरातले चोपन्न उरले होते.

सबनीस मॅडमनी मला बसवून पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कपाटातून त्यांनी थेंबांची बाटली काढली, किट काढलं, मात्रा कागदावर लिहून दिली.

"आधी भावाची परवानगी घ्या," त्या म्हणाल्या. "मग तिला सगळं खरं सांगा. तिच्या संमतीनं तिची तपासणी. तिच्या संमतीनं बाळाला औषध. काही लपवायचं नाही. कळलं?"

मिरजेला मी अकराला पोचले. भूपाल उशीला टेकून बसला होता, डोळे खोल गेलेले. मुलगी झाल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी त्याच्या लहानपणी बघितलेलं होतं, मधे कितीतरी वर्षं बघितलं नव्हतं. 

"कुणासारखी आहे?"

"बघितलं नाही अजून. आता जाते. भूपाल, मी आज पद्मजाला सांगणार."

हसू गेलं. "आज नको. ओली बाळंतीण आहे ती."

"आजच."

"मी मेल्यावर सांग, अक्का. आता फार दिवस नाहीत. मग काय सांगायचं ते सांग."

"तुझ्या मरणाची वाट बघत बसायला बाळाला वेळ नाही रे."

माझ्या तोंडून ते गेलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवून बघितलं. भूपालनं भिंतीकडं तोंड केलं. माझी बस पावणेबाराची होती. मी उठले तेव्हा तो भिंतीकडंच बघत म्हणाला, "सांग. पण एक सांग तिला. बाईच्या नादानं नाही म्हणावं. सुईतनं झालंय. तेवढं नीट सांग."

बेडगवाडीच्या फाट्यावर मी उतरले तेव्हा तीन वाजत आले होते. फाट्यापासून गाव दीड मैल. उसाच्या कडेनं चालत गेले. पिशवीत बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ती पडू नये म्हणून पिशवी पोटाशी धरली होती.

पद्मजाच्या आईनं मला दारातच थांबवलं. आत जाऊन पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, माझ्यावरून ओवाळून टाकला. 

"या आत्याबाई, या! नाव ठेवायचा मान तुमचा. काय ठेवणार?"

"बघू की, मावशी."

"रंग बघा पोरीचा. सगळा भूपालरावांचा. ताप उतरला का त्यांचा?"

बाळंतिणीच्या खोलीत खिडकी लावून घेतलेली होती. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याचा धूर. पद्मजा कुशीवर झोपून मुलीला थोपटत होती. बावीस वर्षांची पोर. लग्नाआधी ती गावातल्या बालवाडीत शिकवायची. हातात पडेल तो कागद वाचायची, पुडीचासुद्धा. आमच्या घरी आल्यावर माझी प्रयोगशाळेतली जुनी पुस्तकं तिनं चाळली होती आणि मला शंका विचारून भंडावलं होतं. मला बघून ती उठून बसायला लागली.

"पडून राहा," मी म्हणाले.

"वन्सं, हातात घ्या की तिला."

"घेते. आधी तुझ्याशी बोलायचंय. दार लोटू?"

"लोटा की." ती हसली. "एवढं काय गुपित?"

मावशींना मी चहा करायला सांगितला. दार लोटलं. बाजेच्या कडेला बसले आणि सांगितलं. दवाखान्यात रोज अनोळखी लोकांशी बोलताना जे शब्द ऐकत आले तेच वापरले, दुसरे मला त्या वेळी सुचलेच नाहीत. भूपालला काय झालंय. कशानं. तिला असू शकतं. बाळाला जाऊ शकतं. कळा सुरू झाल्यावर आईला गोळी, मग बाळाला थेंब. थेंब आणलेत.

थोपटणारा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मुलगी जागीसुद्धा झाली नाही.

"बाईबिई काही नाही," मी म्हणाले. "त्यानं मुद्दाम सांगायला सांगितलंय. सुईतून झालंय."

"त्यानं माझ्यात काय फरक पडतो, वन्सं?"

मी पिशवीतून किट बाहेर काढलं.

"त्यांचा निकाल कधी आला?"

"दहा एप्रिलला."

"आज तीन मे."

"हो."

"तेवीस दिवस." ती माझ्याकडं बघत नव्हती, मुलीकडं बघत होती. 

"त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता. तो स्वतः येणार होता. मग तापानं..."

"शेजारी फोन आहे आमच्या. आज सन्मतीनं तिथूनच केला तुम्हाला." तिनं मुलीचं दुपटं सारखं केलं. "ती आईची गोळी. कळा सुरू झाल्यावर द्यायची म्हणालात ना?"

"हो."

"मला काल सकाळी सातपासून कळा होत्या. चारपर्यंत. नऊ तास." आवाज चढला नाही, उतरला नाही. "तेवढ्या वेळात तुम्ही गोळी घेऊन दोनदा आला असता."

बाहेर मावशी कुणाशी तरी बोलत होत्या, हसत होत्या. पद्मजानं उजवा हात माझ्यासमोर केला. "घ्या रक्त."

मी बोटाला टोचलं. थेंब कार्डावर टाकला. कार्ड बाजेवर आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. दवाखान्यात मी कधी कुणाला ते बघू देत नाही, उलटं ठेवते. पण तिनं म्हटलं, "दिसू दे." आम्ही दोघी बघत बसलो. पहिली रेघ आली. मग फिकट, मग गडद होत दुसरी.

"दोन म्हणजे?"

"आहे, पद्मजा."

तिनं मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी. "औषध कुठंय?"

बाटली मी तिच्या हातात दिली. तिनं उजेडाकडं धरून लेबल वाचलं. सगळं वाचलं, अगदी खालची तारीखसुद्धा. मॅडमनी लिहिलेल्या कागदाशी मात्रा ताडून बघितली. मग मुलीला मांडीवर घेऊन तिची हनुवटी दोन बोटांनी खाली केली. मी ड्रॉपरनं थेंब सोडले. मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं, थोडं गालावर आलं. पद्मजानं ते बोटानं पुसून परत तिच्या ओठांत घातलं. एक थेंबसुद्धा वाया जाऊ दिला नाही.

"आता अंगावर पाजू नकोस," मी म्हणाले. "दुधातूनही जातं."

"काल संध्याकाळपासून पाजतेय."

"आता नको. गाईचं दूध उकळून, वाटी-चमचा उकळून. मी सगळं लिहून देते."

"एकदाही नको?"

"नको."

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आत आल्या आणि मुलीनं रडायला सुरुवात केली. भुकेचं रडणं. "अगं, घे की तिला," मावशी म्हणाल्या. "आत्याबाईंना काय लाजायचं?"

"आई, वरचं दूध गरम करून आण."

"का?"

"मला दूध येत नाहीये."

मावशींनी तिच्या छातीकडं बघितलं. चोळी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. मुलगी जितकी रडत होती तितका तो ओला डाग पसरत होता. मावशींनी लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मधे पडलेल्या कापसाकडं बघितलं. चहाचे कप खाली ठेवले आणि दूध गरम करायला गेल्या.

मी निघाले तेव्हा पद्मजा घट्ट धडपा मागत होती, छातीला बांधायला. मुलगी मी हातात घेतली नाही. तिनं पुन्हा म्हटलं नाही आणि मलाही मागवलं नाही.

मिरजेला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भूपाल वाट बघत होता.

"काय म्हणाली?"

"थेंब दिले. वेळेत दिले."

"मला काय म्हणाली?"

"काही नाही."

त्यानं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं विचारलं, "रंग कसाय पोरीचा?"

"तुझा."

वीस मेला पहाटे तो गेला. झडपेवरचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता, शेवटचे दोन दिवस त्याला बोलता येत नव्हतं. डावा हात तेवढा हलायचा. मुलगी त्यानं बघितली नाही.

सुतकाचे दिवस संपल्यावर पद्मजा सन्मतीबरोबर आली. मुलीला माहेरी ठेवून आली होती. सन्मती बाहेर कट्ट्यावर बसला. ती आतल्या खोलीत गेली आणि तिचे कपडे, तिची पुस्तकं एका ट्रंकेत भरायला लागली. मी दारात उभी होते. राहा म्हणायचं माझ्या मनात होतं. या घरात आता मी एकटीच होते.

ट्रंक भरून झाल्यावर ती जमिनीवर बसली, पाठ ट्रंकेला टेकून.

"वन्सं, एक विचारायचंय. त्या दिवशी विचारायचं राहिलं."

"विचार."

"रोगाचं तुम्हाला दहा एप्रिलला कळलं. सुईचं कधी कळलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. विचारायला भूपाल नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. गळू झालं तेव्हाच कळलं, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. ते तोंडाशी आलेही होते.

"लग्नाआधी," मी म्हणाले.

मी उंबऱ्यावर बसले.

"तुला बघायला आलो त्याच्या दोन महिने आधी. तांदळाच्या डब्याच्या मागं मला पिशवी सापडली. रिकाम्या अँप्यूल होत्या. मी त्याचे हात बघितले. तो माझ्या पायाशी बसून रडला. सोडतो म्हणाला. महिनाभर सोडलंही होतं, मी रोज हात तपासायची. मला वाटलं, लग्न झालं, घरात कुणी आलं, पोरबाळ झालं की..."

 

"तुम्ही आमच्या सोप्यात बसला होता," पद्मजा म्हणाली. "बाबांनी विचारलं, मुलाला काही व्यसन? मी आत दाराआड पोह्यांच्या बशा भरत होते. तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, म्हणालात."

"खरं होतं ते."

"हो. खरंच होतं." तिनं पदर सावरला. "मी आत हसले होते. तीन स्थळं आधी येऊन गेली होती, वन्सं. एकाचं दुकान होतं, एकाची शेती. मी बाबांना सांगितलं, यांनाच हो म्हणा. मुलगा मी नीट बघितलाही नव्हता. बहिणीनं वाढवलेला आहे, आणि बहीण दवाखान्यात आहे, म्हणून हो म्हणा म्हटलं."

बाहेर सन्मतीनं हाक मारली, बसची वेळ झाली म्हणून. ती उठली. ट्रंकेची कडी लावली. 

"बाळाची शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात असते ना? तुम्हीच लिहून दिलंय."

"हो. बेळगावलासुद्धा होते. तुला जवळ पडेल."

"माझ्या तपासण्या मी तिथंच करणार. पण तिची तुमच्याकडं करायची. तुम्ही स्वतः. बघताना मी समोर असेन."

मधले सगळे महिने मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. नोकरी केली. दर आठवड्याला एखादं तरी लहान मूल टेबलावर यायचं. मी किट हातात घेऊन नुसती उभी राहायची, आणि शेजारची टेक्निशियन माझ्याकडून किट काढून घ्यायची.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती आली. अंगानं उतरलेली, पण चालणं ताठ. कडेवर मुलगी, अंगात तांबडा स्वेटर. मी नाव विचारलं, फॉर्मवर लिहायला. "सुपार्श्वी," ती म्हणाली. मी लिहिलं.

शेजारची टेक्निशियन पुढं झाली. पद्मजा म्हणाली, "नको. यांनी करायचं." त्या दिवशी मी अडखळले नाही. का कुणास ठाऊक. मी बोटाला टोचलं, रक्त बारीक नळीत घेऊन एक थेंब कार्डावर टाकला, कापसाचा बोळा लावून वर चिकटपट्टी गुंडाळली. मुलगी पहिल्यांदा नुसती बघत राहिली, मग तिनं जोरात भोकाड पसरलं. रडताना लहान मुलं समोर जो असेल त्याच्याकडं हात करतात. तिनं माझ्याकडं केले.

मी पद्मजाकडं बघितलं. ती कार्डाकडं बघत होती. मी मुलीला घेतलं.

खांद्यावर घेऊन मी खोलीत फेऱ्या मारत राहिले. भूपालला असंच फिरवावं लागायचं, दात येताना. हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. सकाळपासूनचा प्रवास झालेला, तिचं डोकं माझ्या मानेत जड झालं. पद्मजा मान वर न करता बसून होती. पहिली रेघ आली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. कार्डावर एकच रेघ होती.

"दुसरं किट," ती म्हणाली.

नळीत रक्त उरलं होतं. मी एका हातानं मुलीला धरलं, दुसऱ्यानं दुसरं किट उघडलं. मग तिसरं. तिन्हींवर एकेकच रेघ.

"नाही," मी म्हणाले. "तिला काही नाही, पद्मजा."

ती बसली होती तिथंच तिनं पदर तोंडाला लावला. आवाज आला नाही, पण खांदे बराच वेळ हलत होते. त्या सगळ्या काळात मी तिला रडताना बघितलं ते तेवढंच. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढं झाले. तिनं मान हलवून नको म्हटलं. मग तोंड पुसलं, पिशवी खांद्याला लावली आणि उभी राहिली.

"परत कधी येशील?" मी विचारलं.

"इकडचं काम झालं, वन्सं."

"तिला बघायला मी तिकडं आले तर?"

तिनं पिशवी मागं सारली. मुलीला घ्यायला हात पुढं केले. सुपार्श्वी गाढ झोपली होती. झोपेत तिनं माझा पदर मुठीत धरून ठेवला होता. मी तो ओढायला गेले.

"ओढू नका," पद्मजा म्हणाली. "जागी होईल."

तिनं मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि ती मूठ सोडवायला लागली. एकेक बोट, अगदी हळू. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. चिकटपट्टी लावलेलं बोट तिनं सगळ्यात शेवटी सोडवलं.